तलाव कोणाचा? : भंडारा जिल्ह्याची जमीन, पाणी आणि माणसे

(साकोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

मंडळी, आपल्या जिल्ह्याची ओळख करून देणारा प्रत्येक जण ‘तलावांचा जिल्हा’ असे म्हणतो आणि लगेच पितळी भांड्यांकडे, तांदळाकडे किंवा जंगलातल्या वाघाकडे वळतो. मी आज त्या पहिल्याच शब्दापाशी थांबणार आहे. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. मुलांना नद्या, डोंगर, पिके आणि खनिजे शिकवता शिकवता माझ्या ध्यानात हळूहळू असे आले, की भंडाऱ्याच्या नकाशावर जागोजागी दिसणारे हे निळे ठिपके निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी केलेले आहेत. कुदळीने खणलेले, टोपलीने वाहिलेले आणि पायाने तुडवून पक्के केलेले. म्हणून तलाव कोणी बांधला, तो कोणी सांभाळला आणि पुढे तो कोणाचा झाला, एवढे विचारत गेलो तरी या जिल्ह्याचा भूगोल, इतिहास आणि समाज यांच्यात फारसे अंतर उरत नाही.

आधी जमीन पाहू. आपल्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, सातपुड्याचे पाय येऊन टेकतात; आंबागडच्या टेकड्या त्यांतल्याच. पूर्वेकडे गायखुरीची रांग आहे आणि तिच्या कुशीत कोका, नागझिरा यांसारखी जंगले आहेत. या डोंगरांच्या मधल्या सखल भागातून वैनगंगा वाहते. मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाटकडून आपल्याकडे येते, भंडारा आणि पवनी या दोन जुन्या गावांना स्पर्श करून दक्षिणेला जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता हे नाव घेते. बावनथडी, सूर, कन्हान आणि चुलबंद या तिच्या आपल्या भागातल्या मुख्य उपनद्या होत. इतके पाणी दाराशी असताना तलाव कशाला खणायचे, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारला होता आणि तो अगदी योग्य होता.

त्याचे उत्तर पायाखालच्या खडकात आहे. पश्चिम विदर्भात काळ्या पाषाणाचे थर आणि त्यांवर कापसाची जाड काळी माती आहे. आपल्याकडे त्याहून कितीतरी प्राचीन, कठीण आणि घट्ट खडक आहेत. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यांतल्या एका मोठ्या गटाला आपल्या साकोलीचेच नाव दिलेले आहे. उत्तरेकडच्या अशाच जुन्या खडकांत चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज सापडते. परंतु या खडकांत पाणी सहजी मुरत नाही. वर्षाकाठी साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत संपतो आणि उतारावरून वाहून नाल्याला, नाल्यातून नदीला मिळतो. नदीचे पात्र खोल असल्यामुळे ते पाणी शेतात चढवणे पूर्वी शक्य नव्हते. विहीर खोदावी तर खडक लागे. आणि पीक कोणते, तर धान. ज्याच्या पायाशी पाणी उभे राहिले पाहिजे असे. हस्ताचा पाऊस हुकला, तर लोंबी बाहेर पडण्याच्या ऐन वेळी बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, कोरडी पडते आणि तीन महिन्यांचे कष्ट मातीमोल होतात. एका शेवटच्या पाण्यासाठी हे सारे तलाव बांधले गेले, असे म्हटले तरी ती अतिशयोक्ती होणार नाही.

जमीन महसुलाच्या जुन्या बंदोबस्तांच्या कागदांत आपल्या मातीची पाच नावे येतात : कन्हार, मोरांड, खरडी, सिहार आणि बर्डी. कन्हार काळी, चिकट आणि सखल भागातली, मोरांड तिच्याहून हलकी, खरडीत खडे, सिहार पिवळसर, रेताड, आणि बर्डी म्हणजे खडकाळ माळ. माझे वडील ही नावे कागद न पाहता, नांगराला लागणाऱ्या जोरावरून सांगत. कोणत्या बांधीत आवत्या घालायचा, म्हणजे बी थेट पेरायचे, आणि कोणत्या बांधीत पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकून रोवणी करायची, हे ते त्या मातीवरून आणि ती बांधी तलावाच्या किती जवळ आहे यावरून ठरवत. ज्याला ही नावे ठाऊक आहेत, त्याला पाणी कुठे अडेल हेही ठाऊक असते. तलावाची जागा शोधणारी माणसे याच ज्ञानातून तयार झाली.

आता तलावाकडे येऊ. बाहेरच्या माणसाला तो एक मोठा खड्डा वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी खड्डा खणलेला नाहीच. दोन उंचवट्यांमधली नैसर्गिक वाट पाहून तिच्यावर मातीची पाळ घातलेली आहे. वरच्या जंगलातून येणारे पाणी त्या पाळीला अडते, जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून खालच्या तलावात जाते आणि त्याच्याही सांडव्यावरून आणखी खालच्या तलावात. पावसाळ्याच्या शेवटी उंचावरून पाहिले, तर हे तलाव एका दोऱ्यात ओवल्यासारखे दिसतात. मोठ्या तलावांखेरीज शेताच्या डोक्याशी एखाददुसऱ्या कुटुंबाची लहान बोडी असते. पाळीच्या आत तुडुम असते, तुडुमातून नहर निघते आणि नहरेतून पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते.

तुडुम म्हणजे काय, हे आता तरुणांना सांगावे लागते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आमच्या गावच्या तलावाचे जुने तुडुम दगडी होते. पाळीच्या आतल्या अंगाला उतरत्या पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरीत एक भोक होते आणि ते लाकडी खुंटीला चिंध्या गुंडाळून बंद केलेले असे. तलाव पूर्ण भरलेला असताना वरचे भोक उघडायचे. पाणी उतरत गेले, की त्याच्या खालचे. म्हणजे सर्वांत वरचे, सर्वांत कमी दाबाचे पाणी आधी बाहेर पडे आणि नहर फुटत नसे. हे काम पाणकर करी. माझ्या लहानपणी आमचा पाणकर सकाळी धोतर कंबरेला खोचून पाण्यात उतरत असे, नाकपुडी चिमटीत धरून बुडी मारत असे आणि आम्ही मुले पाळीवर बसून आकडे मोजत असू. तो वर आला, की आधी त्याच्या हातातली काळी पडलेली खुंटी दिसे, मग डोके. पाळीच्या पलीकडे नहरेत पाण्याचा पहिला लोट यायला थोडा वेळ लागे. तो येताना सुकी पाने, काटक्या आणि लहान खेकडे पुढे लोटत येई. कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी मिळाले, हे पाणकराच्या डोक्यात असे. शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोचले नाही, तर भांडण त्याच्याशी होई. आणि धान मळून झाल्यावर खळ्यावर त्याचा वाटा आधी काढला जाई.

हे तलाव बांधले कोणी? या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे कोहळी समाज. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव बांधणारी जात म्हणूनच कोहळ्यांची नोंद आहे. ऊस हे त्यांचे आवडते पीक, आणि उसाला बारमाही पाणी लागते. जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजण्याचे त्यांचे कसब पिढीजात होते. गोंड राजांनी या कसबाला आश्रय दिला. जंगल तोडून जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, अशा धोरणाची आठवण चांद्याच्या मुलखात अजून सांगितली जाते, आणि अशा जमिनीला तुकुम म्हणत, म्हणून चंद्रपुरातल्या ‘तुकुम’ या वस्तीच्या नावात ती टिकून आहे. याच प्रोत्साहनातून माणसे जंगलात शिरली आणि गावे उभी राहिली. आमच्याकडची कित्येक गावे तलावाच्या पाळीखालीच वसलेली आहेत, ती उगाच नव्हे. तेथे आधी तलाव झाला आणि मग गाव.

सर्वांत मोठे उदाहरण नवेगावबांधचे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव त्यात गेले, पण इतिहास जिल्ह्याच्या सीमा पाळत नाही, म्हणून त्याचा उल्लेख करतोच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या मोकळ्या जागा लहान बांधांनी जोडून तो विस्तीर्ण जलाशय निर्माण केला. बांध लहान आणि पाणी अफाट. कमीत कमी माती हलवून जास्तीत जास्त पाणी अडवायचे, हे त्या माणसाचे गणित आजच्या स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने जाऊन पाहावे असे आहे. लोकांनी कोलू पाटलांना कोलासूर म्हणून देव केले आणि भोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी मानले. त्या बहिणींनी बांधाला मदत केली, अशी कथा आहे. मला या कथेत अंधश्रद्धा दिसत नाही. बांधाचा भार खरोखरच त्या डोंगरांनी पेलला आहे, आणि ते श्रेय त्यांना देण्याइतकी त्या लोकांची नजर स्वच्छ होती.

तलावांपूर्वीही येथे माणूस होता आणि तो मागासलेला नव्हता, हे पवनीने सिद्ध केले आहे. वैनगंगेच्या काठचे, मातीच्या तटाने आणि खंदकाने वेढलेले हे गाव १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननाने देशाच्या नकाशावर आले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या काळातले बौद्ध स्तूप उजेडात आले. ‘जगन्नाथ टेकडी’ असे आपण ज्याला म्हणत होतो, तो मुळात स्तूप होता. तेथील कोरीव शिल्पांत पाच फण्यांचा एक नाग आहे आणि त्याच्यापाशी ब्राह्मी अक्षरांत मुचलिंदाचे नाव कोरलेले आहे. बोधीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धांवर अवकाळी पाऊस आला, तेव्हा फणा धरून ज्याने त्यांना झाकले, तो हा नागराज. पावसापासून आडोसा देणारा आणि पाण्यात राहणारा हा नाग आपल्या नदीकाठी कोरला गेला, याचा मला फार आनंद वाटतो. बुद्धांचा हा वारसा आपल्या काळात पुन्हा जागा करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे होते. ते तेथे पराभूत झाले, ही खंत आपल्या जिल्ह्याला कायम बाळगावी लागेल.

मधला काळ भरभर पाहू. रतनपूरच्या कलचुरींच्या बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात ‘भाणार’ हे नाव येते, ते भंडाराच असावे असे अभ्यासक मानतात. चक्रधरस्वामींचे एक अगदी जवळचे शिष्य निळभट्ट भांडारेकर हे याच भंडाऱ्याचे; म्हणजे मराठीच्या आद्य गद्यात आपल्या गावाचे नाव आहे. पुढे देवगडच्या गोंड राजांचे राज्य आले. बख्त बुलंदाच्या काळात आंबागडचा किल्ला उभा राहिला. त्यानंतर नागपूरकर भोसले आले. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला.

येथून तलावांच्या कहाणीला नवे वळण लागते. भोसल्यांच्या काळात गावाचा सारा गोळा करणारा जो पाटील होता, त्याला इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. तलाव गावात, म्हणून तलावही मालगुजाराचा. मात्र त्याच बंदोबस्तात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा एक कागद प्रत्येक गावासाठी केला गेला आणि त्यात गावाच्या रूढी लिहिल्या गेल्या. कोणाला कोणते पाणी, कोणती चराई, कोणते सरपण. या हक्कांना निस्तार म्हणतात. पूर्व विदर्भातल्या माणसाला ‘निस्तार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, इतका तो रोजच्या बोलण्यातला आहे. पण पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला तो माहीत नसतो, कारण ही व्यवस्था तिकडे नव्हती.

मालगुजारीचे गोडवे मी गाणार नाही. मालगुजाराच्या खासगी शेताला, म्हणजे सीरेला, पहिले आणि भरपूर पाणी मिळे. पाळीवर माती टाकायला गावातल्या गरीब माणसाला बेगारीने बोलावले जाई आणि नाही म्हणण्याची त्याची छाती नसे. माझ्या आजोबांनी अशी बेगार केलेली होती; त्या दिवसांविषयी ते कधी हसून बोलले नाहीत. तरीही एक गोष्ट खरी, की तलाव फुटला तर मालगुजाराचेही धान बुडत असे. त्यामुळे चैत्र-वैशाखात तलाव आटला, की गाळ निघे. तो गाळ गाडीने शेतात जाई आणि पाळीची घळ बुजे. काम कोणाच्या तरी गरजेला बांधलेले होते.

१९५० साली त्या वेळच्या मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ते व्हायलाच हवे होते. तलाव सरकारकडे आले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, तर मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले. ‘माजी मालगुजारी तलाव’ असे त्यांचे सरकारी नाव पडले आणि त्याचेच आद्याक्षरांनी ‘मामा तलाव’ झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. इतक्या तलावांची डागडुजी दूरच्या कचेरीतून होणे कठीण होते आणि ती झाली नाही. पाणकराचा खळ्यावरचा वाटा बंद झाला, दगडी तुडुमाच्या जागी लोखंडी दार आले, आणि दार गंजले की अर्ज करून वाट पाहायची, असा क्रम सुरू झाला. आमच्या गावात तर अर्ज दिल्यापासून नवे दार बसेपर्यंत दोन हंगाम गेले. कोणाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. गावाकडून बेगार गेली, हे फार चांगले झाले. बेगारीबरोबर गावाची पाळीवरची नजरही गेली, तिचे दुःख मी करतो. एकाच्या मालकीची वस्तू सर्वांच्या मालकीची व्हायची होती, ती कोणाचीच राहिली नाही. सांडव्याची उंची चोरून कमी करून तलावाच्या पोटात धान लावणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि ते परके नव्हते, आपलेच होते.

तलावाचा विचार करताना आपण नेहमी शेतकऱ्यापासून सुरुवात करतो. मीही तेच केले. पण तलावाशी बारा महिने संबंध असलेला समाज दुसराच आहे, तो म्हणजे ढीवर. शेतकऱ्याला तलावातून पाणी बाहेर हवे असते, ढीवराला ते आत हवे असते. या साध्या गोष्टीत दर वर्षी मार्गशीर्षापासून गावात जो ताण उभा राहतो, तो ज्याने पाहिला नाही त्याला आपले गाव कळले नाही. ढीवरांचा व्यवसाय केवळ मासेमारीचा नव्हता. रानातल्या ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळायचे, त्यांची राखण करायची आणि कोसा पवनी, मोहाडी, आंधळगावच्या कोष्ट्यांना विकायचा, हेही त्यांचे पिढ्यानुपिढ्यांचे काम. त्या कोशाच्या सुतावर करवतीच्या दातांसारखे काठ विणून करवतकाठी लुगडी तयार होत. जंगलातला ढीवर, गावातला कोष्टी आणि लग्नघरातली नवरी यांना जोडणारा तो धागा अजून पुरता तुटलेला नाही.

काही वर्षांपूर्वी एका ढीवर बाईंबरोबर मी त्यांच्या गावचा तलाव हिंडलो. त्या शाळेत दोन-तीन वर्षेच गेलेल्या. काठावर उभ्या राहून त्या मला पाणवनस्पती दाखवत होत्या. कोणत्या गवताच्या आडोशाला मासळी अंडी घालते, कोणती शेवाळासारखी वनस्पती झिंग्यांना हवी असते, कोणता कांदा माणसे भाजून खातात, आणि कोणते झुडूप आले की तलाव संपला असे समजावे, हे सारे त्या एका दमात सांगत होत्या. ते शेवटचे झुडूप म्हणजे बेशरम. जांभळ्या फुलांचे हे परदेशी झुडूप कोठूनही तोडून टाकले तरी रुजते, म्हणून लोकांनी त्याला हे नाव ठेवले. ते काठापासून आत सरकत येते, त्याच्या मुळाशी गाळ साचतो आणि उथळ पाणी नाहीसे होते. मरळ, मांगूर, शिंगी यांसारखी आपली देशी मासळी उथळ पाण्यात आणि पाणगवतात वाढते. बाहेरून आणलेले रोहू-कतलाचे बीज सोडून तलावाचा ठेका फेडता येतो, पण त्या मासळीला पाणगवत हवेच असे नाही, म्हणून गवताकडे कोणी पाहत नाही. त्या बाई आणि त्यांच्या गटातल्या इतर बायका उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढतात आणि पहिल्या पावसात दुसऱ्या तलावातून आणलेली पाणगवते चिखलात रोवतात. रोवणी जशी बांधीत करतात तशीच, वाकून, मागे सरकत. धानाची रोवणी मी आयुष्यभर पाहिली होती. तलावाची रोवणी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

जिल्ह्यात इतर समाज आहेत आणि त्यांच्याविषयी स्वतंत्र व्याख्यान द्यावे इतका ऐवज आहे. वैनगंगेच्या वरच्या अंगाला पोवार आहेत, जे माळव्यातून आल्याचे सांगतात आणि घरात पोवारी बोलतात. गोंड आणि हलबा आहेत. कुणबी, तेली, बौद्ध आहेत. या सगळ्यांवर पसरलेली बोली म्हणजे आपली झाडीबोली. तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ नाही. पाण्याचे ‘पानी’ होते, काळ्याचे ‘कारा’ होते, डोळ्याचा ‘डोरा’. आपल्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, म्हणून तिला अशुद्ध म्हणण्याची आता कोणाची हिंमत होत नाही. धान घरात आले, की दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक होते आणि जावई-पाहुण्यांनी घरे भरतात. तलावात पाणी कमी असेल, त्या वर्षीची मंडई लहान असते. हा संबंध कोणी मोजलेला नाही, पण पाळीखालच्या कोणत्याही गावात विचारा.

आता वैनगंगेकडे परत येणे भाग आहे, कारण गेल्या चाळीस वर्षांत पाण्याचा सगळा विचार छोट्या पाळीवरून मोठ्या भिंतीकडे गेला. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे ते स्वप्न होते, आणि ते स्वप्न खोटे होते असे मी म्हणत नाही. पण त्यासाठी कित्येक गावे उठली, आणि जी उठली त्यांत तलाव असलेली गावेही होती. नव्या वसाहतीत घराचा प्लॉट मिळतो, पाणंद मिळते, समाजमंदिर मिळते. तलाव मिळत नाही. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून धरणाच्या फुगवट्यात येते. ज्या पाण्यात आमचे आजोबा संक्रांतीला बुडी मारत, त्या पाण्यात पाय घालताना आज ढीवरही विचार करतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेवरच्याच, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले, तेव्हा भंडारा शहराच्या कित्येक वस्त्यांत रातोरात पाणी शिरले. नदी दोन मोठ्या भिंतींच्या मध्ये सापडली, की तिच्या काठचे शहर कसे हतबल होते, हे आपण त्या दोन-तीन दिवसांत अनुभवले.

मोठे धरण की छोटा तलाव, असा वाद घालण्यात मला रस नाही. गोसीखुर्दचे पाणी पाळीखालच्या शेवटच्या बांधीला मिळणार असेल, तर मी त्याचे स्वागत करीन. पण ते पाणी धरणातून कालव्यात, कालव्यातून वितरिकेत आणि वितरिकेतून गावाच्या जुन्या तलावात आणून साठवता येईल, तेव्हाच ते हस्ताच्या दिवसांत वेळेवर हाताशी असेल. चुलबंदच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांशी बोलताना हीच गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. २०१७ पासून तलावातला गाळ काढून शेतात नेण्याची सरकारी योजना आहे. तिचा फायदा घेतलेली काही गावे मी पाहिली. जेथे यंत्राने सरसकट तळ खरवडला, तेथे पाणी वाढले पण पाणगवत आणि मासळीचे बीज गेले, आणि जेथे ढीवरांना विचारून काही भाग उथळ राखला, तेथे दोन्ही राहिले. विचारायला वेळ लागतो, एवढाच काय तो त्यात खर्च आहे.

आपल्या जिल्ह्याच्या चिनोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तांदळाचा दाणा बारीक असतो, शिजताना सुवास येतो आणि पीक उशिरा तयार होते. पीक उशिराचे, म्हणून त्याला शेवटचे पाणी इतरांपेक्षा उशिरापर्यंत लागते. त्या मानांकनाच्या कागदावर तलावाचे नाव असो वा नसो, ते शेवटचे पाणी कित्येक गावांत मामा तलावातूनच येते.

गेल्या अश्विनात मी पुन्हा त्या ढीवर बाईंच्या गावाला गेलो होतो. काठावरचे बेशरम गेलेले होते आणि उथळ भागात देवधान उभे होते. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारे रानटी धान. ते कोणी पेरत नाही आणि त्याच्यावर कोणाची मालकीही नसते. दाणा पिकला की लगेच पाण्यात गळतो, म्हणून बायका पहाटेच, दव असताना, कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या होत्या. डाव्या हाताने लोंब्या टोपलीवर वाकवायच्या आणि उजव्या हातातल्या काठीने हलकेच झटकायच्या, असे चालले होते. पाळीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते. त्यांचे शेत याच तलावाखाली आहे आणि तुडुमाचे दार उघडायची त्यांना घाई होती, कारण त्यांच्या बांधीला भेगा पडू लागल्या होत्या. बाईंनी पाण्यातूनच त्यांना ओरडून सांगितले, “काकाजी, आजचा दिस थांबा, सकारी खोला.” ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी काढली, हातावर मळली आणि म्हणाले, “बरं. पन सकारी म्हंजे सकारीच.” आणि ते दार न उघडताच घराकडे निघाले.